टाचेतले दोन राखणदार

माणदेशात यमुना नावाची एक बाई शेळ्या राखत असे. तिच्या उजव्या टाचेत दोन राखणदार राहत होते. यमुनेला त्यांची खबर नव्हती आणि त्यांनाही यमुना कोण हे ठाऊक नव्हतं. कातडीखालची बोटभर जागा, एवढंच त्यांचं जग.

थोरल्याचं घराणं यमुना आईच्या पोटात असतानाच या टाचेत वस्तीला आलं होतं. धाकटा अलीकडचा, रक्तातून फिरता फिरता इथं उतरला आणि राहून गेला. विज्ञानाच्या पुस्तकात दोघांचं नाव एकच, मॅक्रोफेज. अंगातल्या भक्षक पेशींची ही एक जात. मेलेल्या पेशी खाऊन जागा साफ ठेवायची, हे यांचं रोजचं काम. आपल्या अंगात रोज अब्जावधी पेशी मुदत संपून मरतात, तरी कुठं सूज येत नाही की ठणका लागत नाही. त्याचं श्रेय या सफाईला. दुसरं काम क्वचित पडतं: परकं कुणी घुसलं तर हाक मारायची.

धाकट्याचं सगळं लक्ष या दुसऱ्या कामावर होतं.

"दादा, मी अजून एकदाही हाक मारली नाही," तो कुरकुरायचा.

"बरंच आहे की," थोरला म्हणायचा आणि समोरची मेलेली पेशी गिळायचा.

पेशीला तोंड नसतं, त्यामुळे ही हाक आवाजाची नसते. राखणदार एक लहानसं प्रथिन घडवतो आणि बाहेर सोडतो. ज्या पेशीच्या अंगावर ते प्रथिन बरोबर बसेल अशी खाच आहे, तिलाच हाक ऐकू जाते. बाकीच्या पेशींच्या अंगाला घासून गेलं तरी त्यांना पत्ता लागत नाही. अशा निरोप्या प्रथिनांना सरसकट सायटोकाइन म्हणतात आणि त्यांतल्या ‘इकडे या’ असं सांगणाऱ्यांना केमोकाइन. माणसाच्या शरीरात केमोकाइन पन्नासच्या आसपास आहेत आणि ती ऐकणाऱ्या खाचा, म्हणजे ग्राहक, विसाच्या आसपास. आकडे जुळत नाहीत, कारण एका कानाला अनेक हाका कळतात आणि एका हाकेला अनेक कान टवकारतात. शास्त्रज्ञांना या गुंत्यानं बराच मनस्ताप दिला आहे. शरीराला मात्र त्याची काही अडचण वाटत नाही. एक हाक दबली तर दुसरी पोचते.

एकदा यमुनेच्या चपलेत खडा गेला. चार पावलांत तिनं तो झटकला, पण तेवढ्यात टाचेतली एक पेशी चिरडून फुटली आणि आतला ऐवज बाहेर सांडला. मुदत संपून मरणारी पेशी स्वतःला नीट गुंडाळून मरते, काही सांडू देत नाही. चिरडलेल्या पेशीतून एटीपी सांडतं, इतर आतली द्रव्यं सांडतात, आणि ती शेजाऱ्यांना धोक्याची खूण वाटतात.

धाकटा ताठ झाला. "दादा, मारतो हाक."

"थांब."

"सांडलंय बघ किती!"

थोरल्यानं उत्तर दिलं नाही. आपल्या अंगाच्या शाखा लांबवून त्यानं फुटलेल्या पेशीला चहूबाजूंनी वेढलं आणि ती जागा स्वतःच्या अंगाखाली झाकून टाकली. सांडलेलं बाहेर पसरलं नाही. मग सावकाश त्यानं ते खाऊन टाकलं.

"एक पेशी मेली, मी ती खाल्ली," तो म्हणाला. "तू हाक मारली असतीस तर रक्तातून शेकड्यांनी शिपाई पेशी आल्या असत्या. हे शिपाई एकदा पेटले की आपलं-परकं बघत नाहीत. एकीपायी शंभर पेशी गेल्या असत्या."

"आणि शत्रू आत आला असता तर?"

"आला नव्हता. मी चाचपून पाहिलं होतं."

थोरल्याचं हे झाकणं मी गोष्टीसाठी रचलेलं नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जिवंत उंदराच्या अंगात, सूक्ष्मदर्शकाखाली, हे प्रत्यक्ष पाहिलं. एक-दोन पेशींपुरती इजा झाली की आसपासचे राखणदार तिला वेढून लपवतात आणि शिपायांची झुंड येत नाही. जिथून राखणदार आधीच काढून टाकले होते, तिथं तेवढ्याच इजेवर झुंड आली आणि चांगल्या ऊतीचीही नासधूस झाली.

चाचपणंही खरं आहे. जंतूंच्या आवरणात काही घटक असे असतात, जे आपल्या पेशी कधीच बनवत नाहीत. राखणदाराच्या अंगावर नेमके तेच घटक ओळखणारे ग्राहक असतात. त्यांच्या शोधाबद्दल ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. हॉफमन यांनी ते काम केलं होतं फळमाशीवर. माशीपासून माणसापर्यंत राखणदारीची ही रीत चालत आली आहे.

धाकटा त्या दिवशी रुसला. हाक मारायची सगळी तयारी असून कुणी मारू देत नाही, याचं दुःख त्याला फार.

पुढं चैत्रात एकदा यमुना ओढ्याकाठच्या बाभळीखाली शेळ्यांसाठी शेंगा पाडत होती. आकडीनं फांदी ओढताना पाय मागं पडला आणि झिजलेल्या चपलेतून काटा आरपार टाचेत गेला. तिनं खाली बसून ओढला. निम्मा हाताला आला. टोक आत मोडलं.

काट्याबरोबर माती आत गेली आणि कातडीवरचे जंतूही आत ढकलले गेले. त्यांत स्टॅफिलोकॉकस होता. एरवी तो माणसाच्या कातडीवर, नाकात मुकाट पडून असतो. आत ऊब आणि ओल मिळताच त्यानं आपला वंश वाढवायला घेतला.

थोरल्यानं चाचपलं. या वेळी पेशी तर फुटल्याच होत्या, शिवाय परक्याच्या आवरणाची ओळख पटली. त्यानं शाखा लांबवून पाहिल्या. जखम त्याच्या अंगाच्या कितीतरी पट मोठी होती.

"हे झाकून भागायचं नाही," तो म्हणाला. "मार हाक."

धाकट्यानं सगळा जोर एकवटला आणि शिपायांना बोलावणारं प्रथिन भसाभस सोडलं. शिपाई म्हणजे न्यूट्रोफिल, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत संख्येनं सर्वांत जास्त. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत ते रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात, काही तास रक्तातून फिरतात आणि बोलावणं आलं नाही तर फार काही न करता मरून जातात. बोलावणाऱ्या प्रथिनाचं आजचं नाव सीएक्ससीएल-८, जुनं नाव इंटरल्युकिन-८. अवघ्या ७२ अमिनो आम्लांची माळ.

"दादा, एवढं सोडलं, कुणी येईना!"

"कुणाला सांगितलंस?"

"शिपायांना."

"शिपाई कुठं आहेत?"

"रक्तात."

"मग आधी भिंतीला सांग," थोरला म्हणाला.

शिपाई रक्ताच्या लोंढ्यात वाहत चाललेले असतात. टाचेजवळून गेले तरी ते क्षणभरच जवळ असतात, पुढच्या क्षणी कुठल्या कुठे. हाक त्या लोंढ्यात टाकली तर तीही वाहून जाईल, आणि कुठून आली हे कुणालाच कळणार नाही. म्हणून थोरल्यानं आणखी दोन प्रथिनं सोडली, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१. ही शिपायांपेक्षा रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींसाठी होती. शेजारच्या मास्ट पेशीनं तर काटा घुसताच आपल्या पोटातलं हिस्टामिन ओतून दिलं होतं. भिंत जागी झाली. वाहिनी रुंदावली आणि तिच्या पेशींमध्ये फटी पडल्या. भिंतीच्या आतल्या अंगावर सिलेक्टिन नावाच्या चिकट खुणा उगवल्या. त्यांतल्या काही भिंतीनं आधीच घडवून साठवलेल्या असतात, त्यामुळे त्या काही मिनिटांत वर येतात. नंतर भिंतीनं धाकट्याचं प्रथिन बाहेरून घेऊन आतल्या बाजूला नेलं आणि पृष्ठभागावरच्या शर्करेच्या साखळ्यांना अडकवून ठेवलं. लोंढा वाहत राहिला, पण हाक जागच्या जागी राहिली.

मला स्वतःला या सगळ्या व्यवहारातलं हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं. बोलावणं किती जोरात गेलं याला फार अर्थ नसतो. ते योग्य दारावर टिकून राहिलं पाहिजे.

एक शिपाई वाहत आला. सिलेक्टिनला त्याचं अंग चिकटलं, सुटलं, पुन्हा चिकटलं. तो भिंतीवरून गडगडत जाऊ लागला, वेग उतरला. तेवढ्यात भिंतीवर अडकवलेलं प्रथिन त्याच्या खाचेत बसलं. त्यासरशी, सेकंदभराच्या आत, त्याच्या अंगावरच्या इंटिग्रिन नावाच्या पकडी ताठ झाल्या आणि तो जागीच खिळला. मग चपटा होऊन भिंतीवर रांगला, फट गाठली आणि आपलं सगळं अंग पिळून त्या फटीतून पलीकडे उतरला. त्याच्या मागून दुसरा आला. मग मोजदाद राहिली नाही.

जन्मतःच ज्यांच्या पेशींत ही इंटिग्रिनची पकड नसते अशी काही बालकं असतात. हा दोष फार विरळ. त्यांच्या रक्तात शिपाई नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भरलेले असतात, पण भिंतीला कुणी खिळत नाही. बाळाची नाळ आठवडे उलटले तरी गळत नाही, जखमा चिघळतात आणि त्यांत पू धरत नाही. हाक जाते, ऐकणारेही असतात, पण थांबायला धर नाही.

टाचेत उतरलेल्या शिपायांना पुढची वाट प्रथिनाच्या दाटीवरून कळत होती. उगमाकडे दाटी जास्त, लांब गेलं की कमी. शिपायाच्या पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला जाणवणारा फरक एक-दोन टक्क्यांचा असला, तरी त्याला दिशा कळते.

त्यांची रांग पाहून धाकटा हरखला. "दादा, यांना भिंतीपाशीच पेटवून देऊ. येता येता सगळं जाळत येतील!"

"काय जाळतील?"

धाकट्यानं भिंतीपासून जखमेपर्यंतच्या वाटेकडे पाहिलं. त्या वाटेवर यमुनेच्याच पेशी होत्या. तो गप्प झाला.

शिपायांची हत्यारं म्हणजे ऊती विरघळवणारी विकरं आणि ऑक्सिजनपासून केलेली दाहक रसायनं. ती वाटेत उघडली तर घात होईल. म्हणून बोलावणं आणि पेटवणं या दोन गोष्टी शरीर एकाच दमात करत नाही. हाकेचं प्रथिन विरळ असतं तोवर शिपाई फक्त चालतो. उगमाजवळ ते दाट होतं, टीएनएफ त्याला सावध करतं, आणि शेवटी त्याला खुद्द शत्रूचा माग लागतो. जंतू आपली प्रथिनं ज्या तुकड्यानं सुरू करतात, त्याच्या अंगावर फॉर्मिल नावाचा एक रासायनिक गट असतो, आणि शिपायाला तो ओळखता येतो. तो जाणवला की शिपाई राखणदाराच्या हाकेकडे पाठ फिरवून थेट जंतूकडे वळतो. बोलावणाऱ्यापेक्षा ज्यासाठी बोलावलं ते महत्त्वाचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मग टाचेत रण माजलं. शिपायांनी जंतू गिळले, रसायनं ओतली. काहींनी स्वतःच्या पोटातल्या डीएनएची जाळी करून शत्रूवर फेकली आणि ते मेले. मरणारे शिपाई स्वतःच नव्या हाका देत होते, त्यामुळे आणखी शिपाई येत होते. जंतूही काही भोळा नव्हता. स्टॅफिलोकॉकसच्या काही वाणांकडे एक प्रथिन असतं, ते शिपायाच्या खाचेत जाऊन बसतं आणि त्या फॉर्मिल तुकड्यांचा माग लागू देत नाही.

काटा टोचल्यावर पेशी धावून येतात, हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते इल्या मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं. १८८२ साली तो सिसिली बेटावर मेसिना इथं राहत होता. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्यांत त्यानं बागेतल्या गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. याच विचाराच्या पाठपुराव्याबद्दल त्याला १९०८ चं नोबेल मिळालं. धावून कोण येतं, हे त्यानं दाखवलं. बोलावतं कोण, हे कळायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली. १९८७ च्या सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी सीएक्ससीएल-८ वेगळं काढलं, तेव्हा कुठं हाकेला नाव मिळालं.

यमुनेच्या घरी तिसऱ्या दिवशी वेगळंच बोलणं चाललं होतं.

"आत्याबाई, टाच लई ठणकतीया. जांघंतबी गाठ आलीया."

"अवधाण आलं असंल. टोक आत हाय अजून," सासू म्हणाली आणि तिनं टाचेवर गूळ-चुना बांधला.

टाच लाल झाली होती, गरम लागत होती, सुजली होती, दुखत होती. दाहाची ही चार लक्षणं रोमच्या सेल्ससनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली आहेत. लाली आणि ऊब रुंदावलेल्या वाहिन्यांची, सूज फटींतून झिरपलेल्या द्रवाची, ठणका मज्जातंतूंना टोचणाऱ्या रसायनांचा. अंगात कणकण होती, तीही हाकेचीच. इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ रक्तातून मेंदूपर्यंत पोचली की मेंदू शरीराचं तापमान वाढवून घेतो. जांघेतलं अवधाण हा तर वेगळा कारभार. टाचेतली एक डेंड्रायटिक पेशी शत्रूचे तुकडे घेऊन निघाली होती, आणि जांघेतल्या लसिका गाठीतून येणारी दुसरी हाक तिला वाट दाखवत होती. तिथं टी पेशींना तिनं ते तुकडे दाखवले. टी पेशी नुसता तुकडा पाहून उठत नाहीत. धोक्याची खरी खूण सोबत आहे का, हेही विचारतात. दोन्ही पटलं की मग त्या इंटरल्युकिन-२ सोडून आपली संख्या वाढवतात. गाठ फुगते ती या गर्दीनं.

जाता जाता एक. यमुनेच्या शेळ्यांच्या कानाला गोचिडी होत्या. गोचीड दिवसेंदिवस रक्त पीत चिकटून राहते आणि जनावराला तिचा म्हणावा तसा त्रास जाणवत नाही, याचं एक कारण तिच्या लाळेत आहे. त्या लाळेत केमोकाइनला धरून निकामी करणारी प्रथिनं असतात. राखणदार हाक मारतो आणि गोचीड ती वाटेतच गिळते. चोरानं असा अभ्यास केलेला असतो.

चौथ्या दिवशी टाचेतला फोड फुटला. पू बाहेर आला आणि पुवाबरोबर काट्याचं टोकही. पू म्हणजे बहुतांशी मेलेले शिपाई. त्याला येणारी हिरवट झाक त्यांच्याच एका विकराची.

जंतू संपत आले होते. तरी धाकटा हाका मारतच होता. इतक्या दिवसांनी संधी मिळाली होती, आणि हाकेसरशी हजारोंनी धावून येतात हे सुख त्यानं प्रथमच चाखलं होतं. नवे शिपाई येत होते, त्यांना जंतू मिळत नव्हता, आणि हत्यारं तर उघडलेली. आसपासच्या धडधाकट पेशी भाजायला लागल्या.

"आता पुरे," थोरला म्हणाला.

"एखादा लपून राहिला असला तर?"

"तो मी बघतो. तू हे खा."

धाकट्यानं पाहिलं. समोर मेलेल्या शिपायांचा खच पडला होता. "मी? मी हाक मारणारा. हे साफसफाईचं काम..."

"तुझ्या हाकेला आले, तुझ्या हाकेपायी मेले," थोरला म्हणाला. "ज्यानं बोलावलं त्यानंच आवरायचं. हे जमणार नसेल तर हाक मारायचा हक्क नाही."

धाकट्यानं नाखुशीनं एक मेलेला शिपाई उचलला आणि गिळला. मग दुसरा. तिसरा गिळताना त्याच्या ध्यानात आलं की आपल्यातून निघणारी हाक बदलली आहे. ‘या, या’ म्हणणारं प्रथिन आटत चाललं होतं आणि त्याच्या जागी इंटरल्युकिन-१० निघत होतं, टीजीएफ-बीटा निघत होतं. त्यांचा निरोप उलटा होता: थांबा, शांत व्हा, जखम भरायला घ्या. धाकट्यानं ते ठरवून केलं नव्हतं. मेलेल्यांना खाता खाता ते आपसूक झालं.

पेशीविज्ञान हेच सांगतं. मेलेले शिपाई गिळले की राखणदाराचा सूरच पालटतो. शिवाय लसिकावाहिन्यांच्या भिंतीवर काही ग्राहक असे असतात, जे केमोकाइन पकडतात पण पुढं काहीच कळवत नाहीत, नुसते गिळून टाकतात. उरलेल्या हाकांचा असा निकाल लागतो. पूर्वी समजूत होती की दाह आपोआप विझतो. गेल्या काही दशकांत कळलं की तो विझवावा लागतो, आणि विझवण्याची प्रथिनं आणि स्निग्ध रेणू शरीर मुद्दाम घडवतं.

"पुन्हा खडा रुतला तर?" थोरल्यानं काही दिवसांनी विचारलं.

"आधी चाचपीन. झाकून भागलं तर झाकीन," धाकटा म्हणाला. बोधकथेत असतो तो बोध यात आहे, आणि तो माणसांच्या गावालाही लागू पडतो: हाक मारणारा पुष्कळदा मिरवून घेतो आणि खच उचलायला दुसऱ्याला ठेवतो.

यमुनेचं सारं टाचेवर निभावलं. हाच प्रसंग फुप्फुसात घडला आणि कुणी थांबवणारं नसलं, तर काय होतं ते आपण २०२० आणि २०२१ मध्ये पाहिलं. कोविडच्या गंभीर रुग्णांत पुष्कळदा विषाणू उताराला लागलेला असे आणि हाका मात्र चालूच. फुप्फुसाच्या फटींतून द्रव झिरपत होता, शिपाई येतच होते आणि प्राणवायूला शिरायला जागा राहत नव्हती. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला: डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिलं, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात. ते औषध हाकाच दाबतं. त्याच चाचणीत दुसरीही गोष्ट दिसली आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. ज्यांना प्राणवायू लावावा लागला नव्हता, त्यांना या औषधाचा फायदा झाला नाही. ज्या वेळी हाक हवी असते, त्या वेळी ती दाबून काय मिळणार? आपल्याकडे दुसऱ्या लाटेत घरोघरी, ताप आला की स्टिरॉइड सुरू केलं गेलं. त्यानंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची, लोक ज्याला काळी बुरशी म्हणत त्या रोगाची, मोठी साथ दिसली. मधुमेह हे तिचं एक मोठं कारण. बेहिशेबी स्टिरॉइड हे दुसरं. आजही दोन दिवसांत उठून बसवणारं इंजेक्शन मागणारे रुग्ण आहेत आणि देणारेही आहेत. त्या इंजेक्शनात पुष्कळदा काय असतं, हे विचारून घ्यावं.

आणि काही शत्रू असे आहेत की त्यांच्यासाठी पुरेशी हाक उठतच नाही. बाभळीच्या काट्यावरच्या मातीत धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत ते रुजतात आणि विष बनवतात. माणसाचा जीव घ्यायला वजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम विष पुरतं, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग अडीच वेळा. एवढ्याशा विषानं टी पेशी जाग्या होत नाहीत, प्रतिपिंडं बनत नाहीत. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो, आणि त्यालाही लस घ्यावीच लागते.

लशीत तेच विष निकामी करून घातलेलं असतं, पण नुसतं ते दिलं तर शरीर फारशी दखल घेत नाही. म्हणून सोबत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. घटसर्पाच्या लशीत असा क्षार घालून पाहिला तो अलेक्झांडर ग्लेनी यानं, १९२६ साली. त्या क्षारानं दंडातले राखणदार खवळतात आणि हाक मारतात, डेंड्रायटिक पेशी निकामी विष उचलून गाठीकडे नेते. लस घेतल्यावर दंड दुखतो आणि जरा सुजतो, तो यापायी.

यमुनेच्या सासूला गूळ-चुन्यावर भरवसा होता. यमुनेला गरोदरपणात आरोग्यसेविकेनं लस दिली होती म्हणून ती निर्धास्त राहू शकली. तुम्हाला काटा, खिळा किंवा पत्रा लागला, जखम खोल किंवा मातीनं मळलेली असली, आणि लशीचा शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असला किंवा कधी घेतला ते आठवतच नसलं, तर जखम धुवा आणि त्याच दिवशी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथं धनुर्वाताच्या लशीचं, म्हणजे टीडीचं, इंजेक्शन फुकट मिळतं.